दुबईचा बाजार आणि आपली यादी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात खिडकीजवळ प्रवासवर्णनांचे एक कपाट आहे. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९), अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), पु. लं.ची 'अपूर्वाई' (१९६०) आणि मीना प्रभूंची जाडजूड पुस्तके त्यात दाटीने उभी आहेत. गेल्या दीड वर्षात मी त्यांतली बरीच वाचली. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क ही शहरे नागोठण्याच्या मुलामुलींना ह्या कपाटाने दाखविली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण मित्रहो, त्या कपाटात दुबई नाही. मस्कत नाही, कुवेत नाही. आणि नागोठणे, रोहे, म्हसळे, श्रीवर्धन, माणगाव ह्या सगळ्या पट्ट्यातून माणसे जातात ती ह्याच शहरांत! लंडन पाहून आलेला माणूस आमच्या आळीत एकही नाही. दुबईला राहून आलेले, किंवा अजून तिथेच असलेले, चार आहेत.

ह्याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. जो पाहायला जातो तो परत येऊन लिहितो, आणि जो राबायला जातो तो पैसे पाठवतो. त्याच्याकडून आपली अपेक्षाही तेवढीच असते.

माझे स्पष्ट मत असे आहे की परके शहर कळते ते बाजारात, आणि तेही खिशात मोजके पैसे असताना. मनोरे, राजवाडे, संग्रहालये पाहायला दोन दिवस पुरतात. कांदा कुठे स्वस्त, मासळीवाला वजनात कुठे मारतो, महिनाअखेर उधार कोण देतो, हे कळायला तिथे राहावे लागते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, एवढे आपण शाळेतच शिकतो. पण फिलाडेल्फियातल्या त्यांच्या खोलीत शेगडी पेटवली तर धूर कोंडत असे, न पेटवली तर गारठा; शाकाहार सांभाळून रोज काय शिजवावे हा एक प्रश्न, आणि लुगड्यात तिथली थंडी कशी भागवावी हा दुसरा. हे वाचले तेव्हा मला फिलाडेल्फिया प्रथम दिसले. पदवीदान समारंभाच्या वर्णनातून ते दिसले नव्हते.

आता आमच्या घरचे सांगते. माझे मामा २०११ साली दुबईला गेले. वेल्डिंग ते इथेच शिकले, पेट्रोकेमिकल कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली, शटडाऊनच्या कामांवर. दहावीचे दोन विषय राहिलेले. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांत नोकरीला जायचे तर सरकारी कचेरीची वेगळी परवानगी लागे, ती काढायला त्यांनी मुंबईच्या खेपा घातल्या. दहावीच्या गुणपत्रिकेची किंमत आमच्या घरात तेव्हा सर्वांना नीट कळली. मी आज कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला बसते आहे ह्यात त्या खेपांचा वाटा आहे, असे आई म्हणते. फीचा वाटा तर आहेच.

मामा राहतात त्या वसाहतीला सोनापूर म्हणतात. दुबईच्या एका टोकाला, शारजाच्या हद्दीजवळ, कामगारांच्या इमारतींची ही मोठी वस्ती आहे. नाव ऐकून आजीने पहिल्यांदा कपाळाला हात लावला होता. आजोबा गिरणीत असताना ती काही वर्षे लालबागला राहिलेली, आणि जुन्या मुंबईकराला सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचे स्मशान! "दुसरं नाव नाय गावलं का त्यांना?" असे ती अजूनही विचारते.

खोलीत आठ जण. दोघे आपल्या कोकणातले, तिघे तेलंगणाचे, दोघे बिहारचे, एक नेपाळी. जेवणाची मेस एकत्र, स्वयंपाकाची पाळी ठरलेली, खर्च समान वाटून. खर्चाची वही मामा लिहितात, मराठीत. तेलंगणावाल्यांना ती वाचता येत नाही; पण बिहारी आणि नेपाळी गड्यांना देवनागरी येत असल्यामुळे ते तपासून सांगतात, आणि सगळ्यांचे समाधान होते. दहावी नापास माणूस परदेशात आठ माणसांचा जमाखर्च मराठीत चालवतो, ही गोष्ट भाषेच्या प्रसाराविषयी व्याख्याने देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी, असे मला आपले वाटते. असो.

सुटी आठवड्यातून एकच. पूर्वी ती शुक्रवारी असे. २०२२ च्या जानेवारीपासून तिथल्या सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद राहू लागल्या आणि मामांची सुटीही रविवारवर गेली. त्या दिवशी सकाळी कपडे धुणे, दुपारी झोप, आणि संध्याकाळी बाजार. बाजार म्हणजे आधी मोठ्या दुकानांची जाहिरातपत्रके पुढ्यात घेऊन आठ जणांची बैठक. तेल एका ठिकाणी स्वस्त, तांदूळ दुसऱ्या ठिकाणी. मग दोघे-दोघे विभागून जातात आणि ओझे हातात घेऊन बसने परततात. टॅक्सी केली तर स्वस्ताईचा उपयोग काय? कोपऱ्यावर केरळी माणसाचे छोटे दुकान असते, त्याला तिथे बकाला म्हणतात. तिथे दर जरा चढा, पण महिनाअखेर वहीवर माल मिळतो. खुबूस नावाची गोल भाकरी पाकिटातून मिळते. रात्रपाळी करून आलेल्याला ती डाळीबरोबर खाऊन झोपता येते. हमूर हा तिथल्या हॉटेलांतला मानाचा मासा. मामांच्या मेसमध्ये बांगडा आणि तारली. पावतीवर २०१८ पासून पाच टक्के व्हॅटची ओळ आली. ती ओळ आली त्या महिन्यात मेसमधून आठवड्याची एक कोंबडी कमी झाली, हे मला वहीवरून कळले.

उन्हाळ्याची एक गोष्ट मला फार लागली. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घ्यायला तिथल्या कायद्याने बंदी आहे, इतके ते ऊन असते. त्या दिवसांत सुटीच्या संध्याकाळी ही माणसे मोठ्या दुकानांतून तासन्‌तास हिंडतात. काही घ्यायचे नसते. आत गार असते म्हणून. टीव्हीच्या रांगेपासून बिस्किटांच्या रांगेपर्यंत आणि पुन्हा परत. आपण मात्र त्या दुकानात काढलेला फोटो पाहून म्हणतो, "काय चैन आहे!"

मामांना अरबी येत नाही असे ते स्वतः सांगतात. 'यल्ला' म्हणजे चला, 'शुक्रान' म्हणजे आभार, 'खलास' म्हणजे संपले, एवढ्यावर चौदा वर्षे निघाली. मी भाषेची विद्यार्थिनी म्हणून शब्दकोश चाळला तेव्हा मौज वाटली. दुकान हा शब्द मूळचा अरबी. हिशेब अरबी, रक्कम अरबी, वसूल अरबी, नफादेखील अरबी! म्हणजे मामा रोज अरबी बोलतातच, फक्त ती नागोठण्याहून शिकून गेले आहेत.

आणि आपले लोक ह्या बाजारात काही आजच गेलेले नाहीत. १९६६ पर्यंत दुबईत रुपयाच चालत होता. रुपयांच्या बदल्यात सोने चोरट्या वाटेने हिंदुस्थानात येऊ लागले, परकीय चलन आटू लागले, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी झेड हे अक्षर असे आणि त्या इथे चालत नसत. आपल्या रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांनी ज्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरपद भूषविले, तीच ही बँक. अर्थात नोटा निघाल्या तेव्हा ते तिथे नव्हते. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि आखातातल्या एकेका राज्याने रुपया सोडला. ओमानने तो १९७० पर्यंत धरून ठेवला होता. आमच्या गावच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत. त्यांच्या वडिलांनी आणलेली तसली एक नोट त्यांच्या पेटीत आहे. स्वतः चाचा १९७७ साली 'द्वारका' आगबोटीने डेकवर झोपून मस्कतला गेले. ती बोट १९८२ मध्ये बंद झाली. पन्नास वर्षांपूर्वी मत्रहच्या बाजारात रॉकेलचा स्टोव्ह केवढ्याला मिळे, हे चाचांना तोंडपाठ आहे. त्यांना ते आजवर कोणी विचारले नव्हते. त्यांच्या मुलांनीही नाही.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. तो मुद्दा यादीचा आहे.

माणूस दुबईहून सुटीवर येणार असे कळले की गावाकडून यादी जाते. पूर्वी ती पत्रातून जाई, आता फोनवर जाते, एवढाच फरक. ब्लँकेट, अत्तर, टायगर बाम, कोडालीछाप तेल, टँग, निडोचा डबा, बदाम, खजूर, बॅटरी, मोबाइल आणि जमले तर सोने. चाचांच्या काळी ह्या यादीला अर्थ होता. तेव्हा परदेशी माल इथे मिळत नसे आणि मिळे तो चोरटा असे. १९९१ नंतर बाजार खुला झाला. आज यादीतली बहुतेक प्रत्येक वस्तू पेणच्या बाजारात मिळते आणि पुष्कळदा स्वस्तही पडते. टँग तर आमच्या नाक्यावरच्या दुकानात आहे! तरीही यादी जातेच. मागच्या खेपेस मामांनी आणलेल्या तीस किलोंतून त्यांचे स्वतःचे म्हणून दोन शर्ट निघाले, आणि तेही इथूनच नेलेले.

म्हणजे परदेशातली त्यांची खरेदी पाहिली तर तिचे दोन भाग पडतात. एक आपल्या यादीची, वर्षा-दोन वर्षांतून एकदा होणारी, जिचे फोटो निघतात. दुसरी त्यांची स्वतःची, दर रविवारची, पाव किलो मिरच्यांची. पहिलीवरून आपण दुबई ठरवतो. दुसरीविषयी आपण कधी विचारीत नाही, कारण विचारले तर यादी पाठवायला जीभ रेटणार नाही. हे कडू वाटेल, पण मला असेच वाटते.

मी हे घरी बोलून दाखविले. यादी बंद करावी, असेही म्हणाले. आजी रागावली. पेटी रिकामी आली तर गाव म्हणेल, पोरगा तिकडे नुसताच राबतो, असे तिचे म्हणणे. मामींनी निराळेच सांगितले. मामांनी दोन वर्षांनी आणलेली वस्तू हातात असते, फोनवरचा आवाज हातात नसतो. ह्यावर मी काय उत्तर देणार?

पण सर्वांत अडचणीत टाकले ते मामांनीच. फोनवर मी त्यांना हाच प्रश्न केला, तेव्हा ते हसले आणि म्हणाले की वर्षभर मला लोक काम सांगतात. देऱ्याच्या सोनेबाजारात गेलो की तोच दुकानदार खुर्ची देतो, चहा मागवतो, चार बांगड्या पुढ्यात मांडतो. त्या दिवशी मी गिऱ्हाईक असतो. ते बंद करायला सांगू नकोस. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या पुरुषाला वीस ग्रॅम आणि स्त्रीला चाळीस ग्रॅम दागिने जकात न भरता आणता येतात, हा नियम त्यांना पाठ आहे. चौदा वर्षांत वीस ग्रॅमची मर्यादा त्यांनी एकदाच गाठली, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात. ज्या शहराचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे, त्या शहरात माणसाला माणूस म्हणून मान मिळायला काउंटरच्या पलीकडे पैसे मोजून बसावे लागते. आणि ते आपल्या नागोठण्यात, मुंबईत वेगळे आहे असेही मी म्हणणार नाही.

तेव्हा यादी बंद करा, हा माझा आग्रह मी मागे घेतला आहे. दुसरा आग्रह मात्र कायम आहे. मामांची मेसची वही, चाचांचा मत्रहचा बाजार, हे सारे मराठीत लिहिले गेले पाहिजे, आणि ते त्याच खिडकीजवळच्या कपाटात गेले पाहिजे. कोणी म्हणेल, ह्यात वाङ्मय कुठे आहे? त्यांनी केरळकडे पाहावे. बेन्यामिन ह्यांची 'आडुजीवितम' ही मल्याळी कादंबरी २००८ साली आली. सौदीच्या वाळवंटात शेळ्यांमागे अडकलेल्या एका साध्या मजुराची ती कहाणी; पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. केरळने आपल्या आखाती माणसाला पैसे पाठविणारा म्हणून पाहिले आणि वाङ्मयाचा नायक म्हणूनही पाहिले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून देशात आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के निघाला, केरळहून किंचित अधिकच. त्यातला मोठा भाग मुंबईतल्या मोठ्या पगारवाल्यांचा असेल, हे उघड आहे. पण पैशात आपण केरळच्या पुढे आणि लिहिण्यात कुठे?

शिवाय हा बाजार आपल्यापासून तुटलेला नाही. आपल्या सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. इथे वर्तमानपत्रांतून लासलगावच्या शेतकऱ्याचे हाल आपण वाचले, आणि ते खरेच होते. त्याच महिन्यांत सोनापूरच्या खोलीत भाजीतला कांदा निम्म्यावर आला होता. नाशिकच्या शेतकऱ्याला भाव नाही आणि रायगडच्या वेल्डरला कांदा नाही, ह्या दोन गोष्टी एकाच फर्मानाच्या दोन बाजू आहेत, हे अर्थशास्त्राच्या तासाला कळले नसते ते मला एका मेसच्या वहीने कळविले. वाल, सुकट आणि तांदळाचे पीठ इकडून तिकडे जाते. जानेवारीत आम्ही शेतावर पोपटी लावतो, तेव्हा मामा फोनवर चित्र चालू ठेवायला सांगतात आणि मडके उघडेपर्यंत बोलत नाहीत.

प्राध्यापक महाशयांना माझी विनंती आहे. द्वितीय वर्षाला आम्हाला प्रकल्प करावा लागतो आणि दरवर्षी त्याच त्या चार कवींवर तो होतो. ह्या वर्षी ज्यांच्या घरात आखाती माणूस आहे त्यांना त्याच्या बाजाराविषयी लिहू द्यावे. वर्गात हात वर करायला सांगितले तर किती हात येतील हे पाहून सर्वांनाच आश्चर्य वाटेल. मोहल्ल्यातल्या मैत्रिणींकडे तर तीन-तीन पिढ्यांची सामग्री आहे, आणि ती बोलीत आहे, म्हणून आणखीच मोलाची. चाचांकडे मी जाऊ लागले आहे. स्टोव्हनंतर आता कापडाचे दर चालू आहेत.

मामांच्या भरलेल्या वह्या खोली बदलताना रद्दीत गेल्या. दोनच उरल्या, त्या त्यांनी मागच्या खेपेस माझ्यासाठी आणल्या. यादीत नसलेल्या म्हणून आजीने त्या बाजूला ठेवल्या होत्या. त्यांतल्या एका पानावर १४ जानेवारी २०२४, रविवार, अशी तारीख आहे. खाली लिहिले आहे: तांदूळ १० किलो, तूरडाळ २ किलो, तेल मोठा डबा, कांदे १ किलो (महाग), बटाटे ३ किलो, मिरच्या पाव, खुबूस ६ पाकिटे, बांगडे २ किलो. मग एक रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरात: तीळ अर्धा किलो, गूळ अर्धा किलो, उद्या संक्रांत, सर्वांसाठी. मेसमध्ये धरू नये, माझ्या नावावर.